डंकावरचा फोटो

गौराक्का कुणाशीही बोलायला लागली की आधी दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवायची. माणूस ओळखीचा असो वा नसो. मी शाहूपुरीत झेरॉक्सचं दुकान टाकलं तेव्हा वरच्या मजल्यावर तिच्या राहत्या घरातल्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला गेलो, तर नाव विचारायच्या आधीच माझी मान वळली. "पावणं, उजेड हिकडं हाय. तिकडं बघून काय घावणार हाय?" कपाळावर विभूतीचे पट्टे, कमरेला खोचलेला पदर आणि आवाज असा की खालच्या रिक्षावाल्याने वर बघावं. त्या दिवशी मला ती बाई अजिबात आवडली नाही. आता ती नाही, आणि तिच्याइतकं हक्काने माझी मान वळवणारंही कुणी राहिलेलं नाही.

नवरा गेल्यावर स्टुडिओ तिनेच चालवला. मोबाइल आले, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा तिने इंटरनेटवर फोटो विकायची वाट शोधून काढली. साइटवर फोटो चढवून ठेवायचा. जगात कुणाला जाहिरातीला, पुस्तकाला लागला की तो विकत घेतो आणि आपल्याला वाटा मिळतो. पांढऱ्या चादरीवर गुळाची ढेप, कोल्हापुरी चपला, लाल मिरच्यांचा ढीग, जे दिसेल ते ती टिपायची. शोधणाऱ्याला सापडावा म्हणून प्रत्येक फोटोला इंग्रजी शब्द जोडावे लागतात. ते लचांड माझ्या गळ्यात पडलं. मजुरी म्हणून चहा, तोही गोडमिट्ट. "हितं गुळाला कोण इचारत न्हाय, तिकडं त्येच्या फोटुला डॉलर मिळत्यात," हे भाजीवालीसकट सगळ्या गल्लीला ती ऐकवायची.

तिची सून भारती गडहिंग्लजजवळच्या नेसरी गावची. शांत, कामाला वाघ. त्या उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीसाठी दोघी मिरची कुटायला डंकावर, कांडपाच्या गिरणीत गेल्या. तिथे भारतीचे डोळे भरून आलेले, गालावर एक धार, दारातून तिरपा उजेड. अक्काने फोटो घेतला. चेहरा विकायचा तर त्या माणसाची संमतीची सही लागते, ती भारतीने निमूट दिली. "'रडणारी बाई' असं लिवा," अक्का मला म्हणाली. "मिरचीचं नाव काढू नगा. मिरचीला कोण घेतंय?" आणि खरंच, तिच्या सगळ्या फोटोंत तोच जास्त चालला. विकत कोण घेतं आणि कशाला, ते मात्र आपल्याला कळत नाही.

कळलं ते गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर, भारतीच्या थोरल्या भावाला, महेशला. कुठल्याशा संस्थेने फलक लावला होता: 'सासरचा छळ सोसू नका.' वर त्याच्या बहिणीचं रडणारं तोंड, माणसाएवढं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दुकानासमोर जीप थांबली. महेश आणि दोन चुलते स्टँडवरच्या फलकावरून ओरडतच, पायातल्या चपलांसकट जिना चढले. फोटोची हकिगत मला ठाऊक होती, म्हणून मीही मागोमाग वर गेलो.

"भारती, पिशवी भर," महेश म्हणाला. त्याने अक्काकडे पाहिलंही नाही.

"आरं, मिरचीचं पाणी हाय ते," अक्का म्हणाली. "आमी डंकावर गेलतो."

"गावात असं सांगू व्हय, मिरची म्हणून?" थोरल्या चुलत्याने पायाने खुर्ची बाजूला सारली. "पोरीचा छळ करायचा आणि वर फोटू इकायचा?"

अक्काचा मुलगा एमआयडीसीत पाळीवर होता, फोन उचलत नव्हता. भारती स्वयंपाकघराच्या दारात बोटाला पदर गुंडाळत उभी. एक शब्द बोलली असती तर सगळं मिटलं असतं, पण ती हो म्हणेना की नाही म्हणेना. मला खरी भीती वाटली ती तिच्या त्या गप्प राहण्याची.

"माझ्यासमोर ती काय बोलणार?" अक्का एकदम म्हणाली. "मी खाली जाते. तुमी इचारा. ती येते म्हणाली तर घिऊन जावा. मी आडवी येत न्हाय."

ती माझ्या दुकानात स्टुलावर येऊन बसली. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी धीर द्यायला म्हणालो, "अक्का, घाबरताय कशाला? मिरचीच होती की."

"मिरची हुती का, मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "पाणी कशानं आलंय त्ये मी बघितलंच न्हाय. मी उजेड बघत हुते."

मुलाचा संसार, घराची अब्रू, सगळं त्या गप्प पोरीच्या जिभेवर होतं.

भारती जिना उतरून आली, मागे महेश. "आत्ती, मला कुणी मारत न्हाय, छळत न्हाय. महेशअण्णाला सांगितलं मी," ती म्हणाली. अक्काने डोळे मिटले. "पण मिरची न्हवती."

फाल्गुनात, चौथा महिना चालू असताना, भारतीचा गर्भपात झाला होता. आठवडाभर घरात दुःख होतं, मग घराने तो विषय बंद केला. अक्काने डिंकाचे लाडू करून घातले, होईल परत, विसर आता, असं दहादा समजावलं.

"घरात डोळ्याला पदर लावला की तुमी लगीच गप करता," भारती म्हणाली. "मायेनंच करता. डंकावर सगळ्यांच्याच डोळ्याला पाणी असतंय, कोण इचारत न्हाय. म्हणून शेजारणीच्या मिरच्या पण मीच न्हेल्या."

तेव्हा आख्ख्या गल्लीने तिचं कौतुक केलं होतं. दुसऱ्याच्या मिरच्यांसाठी कोण एवढं खपतं, असं मीसुद्धा म्हणालो होतो. महेश जिन्याच्या पायरीवर खाली बसला.

"त्यो फोटू काढून टाका," अक्का मला म्हणाली. मी तिथल्या तिथे तो साइटवरून काढला.

"आणि स्टँडवरचा?"

"विकला गेला तो, अक्का. तो परत येत नाही."

अक्काने उठून भारतीला हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि स्वतः समोर फरशीवर बसली.

"नाव काय ठिवणार हुतीस गं?" तिने विचारलं.

भारती रडायला लागली. मोठ्याने, आवाज काढून, दारातली गिऱ्हाइकं थबकली तरी. रडता रडताच तिने नाव सांगितलं. अक्काने ते एकदा स्वतः उच्चारून पाहिलं, आणि तिला गप हो म्हणाली नाही.