ताईचं स्वस्तातलं तिकीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शेजारच्या दुकानातल्या मित्राला नाही — देवासमोर हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीनं टाळत आलो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि तुम्ही आसगावला जाऊन माझ्या ताईच्या कानावर घालणार नाही, म्हणूनही असेल.

तुमसरच्या बाजारात माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वेची, बसची आणि विमानाची. पूर्वी आमच्याकडे विमानाचं तिकीट काढणारे बोटांवर मोजण्याइतके — राइस मिलवाले, चिखल्याच्या खाणीतले साहेब, एखादा डॉक्टर. मग स्वस्त विमानं आली आणि खाणीतला कामगारही पोराला भेटायला उडून जाऊ लागला. माझा धंदा वाढला आणि धंद्यापेक्षा तोंड जास्त वाढलं. चहाच्या टपरीवर मी विमान कंपन्यांवर प्रवचनं झोडायचो. जुन्या कंपन्या म्हणजे पांढरे हत्ती. जेवण वाढा, सोफे मांडा, ऑफिसं पोसा — या बुडणार, आणि स्वस्तवाल्या यांना गिळणार, असं छातीठोकपणे सांगायचो. लोक मला विमानवाले भाऊ म्हणत. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

झालं उलटंच. कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि मोजक्याच उरल्या. ज्या जुन्या कंपनीला मी हत्ती म्हणायचो तिच्यामागे मोठं उद्योगघराणं उभं राहिलं, बँका उभ्या राहिल्या, तिनं लहानसहान कंपन्या पोटात घेतल्या. स्वस्तवाल्यांतली एक इतकी वाढली की तिला कुणी हलवू शकेना. बाकीच्या मधल्यामध्ये चेपल्या गेल्या. आमच्या तुमसरात मिलांचं हेच झालं होतं. मोठा मिलवाला गोदामात धान भरून भावाची वाट पाहत बसू शकतो. लहान मिलवाल्याला आजचं धान आजच भरडून विकावं लागतं, नाहीतर विजेचं बिल भरता येत नाही. एक हंगाम वाईट गेला की मिलला कुलूप. हे मी लहानपणापासून पाहत आलेला माणूस. मग विमानांच्या बाबतीत मला दिसलं कसं नाही?

दिसलं हो. खरी गोम तिथंच आहे.

जुन्या कंपनीचं तिकीट आम्ही आधी विकतो आणि पंधरवड्यानं हिशेब चुकता करतो. स्वस्तवाल्यांचं तसं नाही. त्यांच्याकडे आगाऊ रक्कम भरून ठेवावी लागते, तिकीट काढलं की त्यातून वजा. चेपलेल्या कंपन्यांपैकी एकीनं अचानक आम्हा एजंटांना जादा कमिशन जाहीर केलं — जितकी जास्त रक्कम भराल तितकं जास्त. ज्या कंपनीकडे पैसा असतो ती तुमसरच्या एजंटापुढे हात पसरत नाही, एवढी अक्कल मला होती. तरी भरली, आणि भरपूर भरली. हावरटपणा, दुसरं काय?

पुढे एकेक लक्षण दिसू लागलं. भाड्यानं आणलेली विमानं मालक परत न्यायला लागले. इंधनवाले रोख मागू लागले. नागपूरहून सुटणारी विमानं अधूनमधून रद्द व्हायची. दिवाळीला मिठाई घेऊन येणारा कंपनीचा माणूस फोन उचलेनासा झाला. भरलेली रक्कम परत मागितली तर मिळत नव्हती — पण तिकीट मात्र निघत होतं. नागपूरचे एजंट एकमेकांना हळूच सांगत होते, अडकलंय ते विकून मोकळे व्हा. म्हणजे कळलं ना? गिऱ्हाइकाचे रोख पैसे माझ्या गल्ल्यात, आणि बुडणारी कंपनी गिऱ्हाइकाच्या गळ्यात.

तेच मी करत होतो. तिकीट घेतलेल्यांतले बरेचजण सुखरूप पोचलेही, त्यामुळे माझी भीड चेपली. तेवढ्यात ताई आली.

ताई माझी मोठी बहीण. आसगावला दिलेली, घरची धानाची शेती. तिची एकुलती एक मुलगी स्वाती, जावई फौजेत, बदली गुवाहाटीकडे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ताईनं आतल्या खोलीला रंग देऊन ठेवला होता. पण डॉक्टरांनी स्वातीला प्रवास करू नको म्हणून बजावलं. मग ठरलं की माहेरानंच तिकडे जायचं. ताई डिंकाचे लाडू, घरच्या चिन्नोरचे तांदूळ आणि जुन्या लुगड्याची बाळाची गोधडी एवढं बांधून तयार होती. धान विकलेले पैसे घेऊन ती बसनं माझ्या दुकानात आली. जन्मात विमान जवळून पाहिलेलं नाही, पण बोलणं अगदी स्पष्ट होतं. "बाबू, मोठ्या कंपनीचंच काढजो. पैसे जास्त लागले तरी चालन. मले फक्त पोरीजवळ टायमावर पोचाचं हाये."

शब्दन् शब्द आठवतो मला. तुम्हाला वाटेल, सख्ख्या बहिणीला तरी सोडलं असेल यानं. मलाही त्या दिवसापर्यंत तसंच वाटत होतं. मी तिला म्हटलं, सारखंच असते ताई, मोठ्यात जेवण भेटते न् यात भेटत नाही, एवढाच फरक. आणि बुडत्या कंपनीचं तिकीट काढून दिलं. उरलेले पैसे तिच्या हातात ठेवले — भाऊ म्हणून, उपकार करावे तसे. ती खुलली. "वाचले थे बरं झालं," म्हणाली, आणि तशीच सोनाराकडे जाऊन बाळासाठी चांदीचे वाळे घेऊन आली. मला दाखवले. छान आहेत, म्हणालो.

निघायच्या दिवशी नागपूरच्या विमानतळावरून भाऊजींचा फोन आला, ते ताईला सोडायला गेले होते. "बाबू, इथं काउंटरवर कोणीच नाही. लोकं भांडून राहिले. कंपनी बंद झाली म्हणते." मागून ताईचा आवाज येत होता, ती कुणाला तरी तिकीट दाखवत होती. मी त्यांना सांगितलं की आता कुठल्याच विमानात जागा नाही, रेल्वेनं जा. ते तसेच स्टेशनवर गेले आणि ताईला एकटीला कसं सोडायचं म्हणून दोघंही हावड्याच्या गाडीत, आरक्षण नाही काही नाही, दाराजवळ सामानावर बसून निघाले. ती गाडी तुमसर रोडवरूनच जाते. ताईनं तिथून फोन केला, "तुमसर रोड आलं, बाबू." बस, एवढंच. स्टेशन माझ्या दुकानापासून फार लांब नाही. गेलो असतो तर निदान पाण्याची बाटली दारातून देता आली असती. गेलो नाही. तिच्याकडे कोणत्या तोंडानं पाहिलं असतं?

स्वाती तेवढ्यात बाळंत झाली. जावई ड्यूटीवर, आजूबाजूच्या बायांची भाषा तिला कळेना. मुलगी झाली होती, वजनानं फार कमी, श्वास नीट घेत नव्हती. राहिली नाही. ताई पोचली तेव्हा बाळाला मातीही देऊन झाली होती. ताईनं नातीचं तोंड पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, कुणी असतं तरी फरक पडला नसता. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की त्याचा आता वीट आला आहे. बाळाचं नका सांगू मला. बाळंतिणीनं दाराकडे डोळे लावले होते, त्याचं काय?

काही महिन्यांनी स्वाती आसगावला आली. मी भेटायला गेलो. ती ओसरीवर बसली होती, आईशी बोलत नव्हती. मला पाहून म्हणाली, "मामा, तुमाले तं सगळ्या कंपन्यांचं मालूम राहते. मायले असं तिकीट काहून देलं?" ताई समोरच तांदूळ निवडत होती. भाऊजी होते, शेजारपाजारचे दोघं-तिघं होते. आणि मी म्हणालो, "तुह्या मायनंच स्वस्ताचं मांगतलं होतं."

किती सहज निघालं तोंडातून. मला वाटलं, ताई आता उसळेल. वाटलं काय, मनातून मी वाटच पाहत होतो की तिनं उसळावं आणि एकदाचं संपावं. तिनं हात थांबवला. बराच वेळ आठवत राहिली — खरंच आठवत होती हो, स्वतःवरच शंका घेऊन. मग म्हणाली, "हं, मीच म्हटलं असन बापा. पैसे वाचले म्हून खूश झाली होती मी." स्वाती उठून आत गेली. तेव्हापासून ती माहेरी जवळजवळ येतच नाही. फोन केला तरी बापाशी बोलते. चार पैशांसाठी आई वेळेवर आली नाही, असं तिच्या मनात पक्कं बसलंय. आणि ताईच्याही.

इथवर सांगून थांबता आलं असतं. खोटं बोललो, बहिणीवर ढकललं, वाईट आहे. पण हेही पूर्ण खरं नाही.

भाऊजींचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर कॉम्प्युटर चालू होता. जागा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या जुन्या कंपनीची, कोलकात्यावरून. दुपारपर्यंत ताई पोरीजवळ असती. एक कंपनी बंद पडली म्हणून उरलेल्यांनी भाडं अनेक पटींनी चढवलं होतं, हे खरं. पण मला तर त्या क्षणी खिशातून एक रुपया काढायचा नव्हता. जुन्या कंपनीचा हिशेब पंधरवड्यानं असतो — नुसतं नाव टाकून बटण दाबायचं होतं. नाव टाकलं. मग मनात आलं, एवढं महागाचं तिकीट मी स्वतःच्या पदरचं दिलं तर भाऊजी विचारतील, का? मग मोठ्या कंपनीचं आधीच का नाही काढलं? नागपूरच्या एजंटांकडून उद्या कळेलच, की तुमसरवाल्याला सगळं ठाऊक होतं. ताईच्या नावाकडे पाहत बसलो थोडा वेळ. फोन कानाशी होताच. आणि स्क्रीनवरची ती खिडकी बंद करून म्हणालो, जागा नाही.

त्यानंतर मी टपरीवर विमानांवर बोलत नाही. लोकांना वाटतं, माझी रक्कम बुडाली म्हणून मी गप्प झालो. माझी फारशी बुडाली नाही. बहुतेक सगळ्या रकमेची तिकिटं मी विकून टाकली होती.

गेल्या वर्षी माझ्या मुलाला मुलगी झाली. बारशाला ताई आसगावहून आली, नव्या चिन्नोरची पिशवी घेऊन, नेहमीसारखी. पाळण्याजवळ बसली आणि कमरेच्या पिशवीतून ते वाळे काढले. घासूनपुसून लख्ख केलेले. "पडून हायेत, बाबू. कायले ठेवू? हिच्या पायात तरी वाजतीन." घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी वाळे दोन्ही हातांनी घेतले, नातीच्या पायात घातले आणि ताईच्या पाया पडलो. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा.