पितळी परातीतलं लोखंड

"आधी लोखंड काढा, मग बोला."

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत शेजारच्या काकांची बेल वाजवली की आतून हेच यायचं. दारामागे पितळी परात. तिच्यात चाव्या, मोबाईल, केसांतल्या पिना टाकायच्या. मग चहा.

काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. विमानाला चुंबकमापक बांधून जमिनीखालचे खडक शोधायचे, मग तसलंच यंत्र घेऊन तिथे पायी फिरायचे. पायी फिरताना अंगावर खिळासुद्धा चालत नाही, यंत्र खडक सोडून त्यालाच धरतं. नोकरी संपली, सवय नाही. पट्ट्याचं बक्कल नको म्हणून पँटलाही नाडी! असा एखादा तुमच्याही जिन्यात असेल. मी त्यांना बिनकामाचे समजायचे, सरळ सांगते.

मी तेव्हा मानेसरजवळच्या एका कामगार वस्तीसाठी पत्रकं लिहीत होते. तिथली बोअर आटली होती. नव्या बोअरची परवानगी एकाच जागेसाठी मिळणार होती. जागा चुकली की वस्ती कोरडी.

काकांच्या टेबलावर त्या भागाचा हवाई नकाशा दिसला. निळ्या-हिरव्यात एक लालभडक डाग, नेमका एका कारखान्याच्या आवारात! मोबाईल परातीत होता, म्हणून मी डाग तळहातावर पेनाने उतरवून घेतला. काकांना विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्रक: 'वस्ती तहानलेली, पाणी मालकाच्या पायाखाली!' शंभर माणसांनी गेट अडवलं.

काका शेअर ऑटोतून उतरले, एका हाताने पँट सावरत.

"पत्रकबाई, हे काय चाललंय?"

"पाणी मागतोय! लाल डाग तुमच्याच नकाशावर आहे."

"अहो, ते त्यांचं भंगार आहे. विमानाला पाणी दिसत नाही. चुंबकत्व कळतं फक्त."

वॉचमनने गेट उघडून दाखवलं. आत गंजक्या लोखंडाचा डोंगर. आम्ही सकाळपासून त्याच्याकडे पाणी मागत होतो.

"मग खणायचं कुठे, काका?"

नकाशावर गाडलेल्या खडकाची एक लांब रेघ वस्तीखालून जात होती, एका जागी तुटलेली. तिथे तडा असेल, तर पाण्याची आशा. नेमकी जागा धरायला काका जुनं यंत्र घेऊन तीन दिवस वस्तीत चालले. सायकली हलवल्या, बादल्या हलवल्या. घरांवरचे पत्रे काढा म्हणाले नाहीत, एवढंच. शेवटी एका जागी चुन्याची फुली मारली.

"पाणी लागेल ना?"

"खडक खोटं बोलत नाही. मी चुकू शकतो. एवढ्यात पत्रक काढू नका."

नाही काढलं. पहिल्यांदाच.

परवानगी आली तेव्हा काका वारले होते. फुलीच्या जागी पाणी लागलं.

परवा मी वस्तीत गेले तर हापशाशेजारच्या दगडावर चाव्या आणि पिनांचा ढीग. रांगेतली बाई दटावत म्हणाली, "अंकल का नियम है दीदी. पहले लोहा उतारो, तभी पानी आता है."

हापसा स्वतः अख्खा लोखंडाचा!

खरं तर या अंधश्रद्धेवर खणखणीत पत्रक काढायला हवं होतं. मी केसांतली पिन काढून दगडावर ठेवली आणि हापसायला लागले.