लाल चिंध्यांची रानफेरी

आमच्या टाउनशिपमधली एकूण एक देशी रानवनस्पती मी एका संध्याकाळी शोधून काढली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ती पार नाहीशीही करून दाखवली.

सुरुवात झाली एका कार्यशाळेपासून. भोपाळबाहेरच्या एका टेकडीवर शनिवार-रविवार रानवनस्पती ओळखायला शिकवणार होते. मी गेले. शनिवारी निघताना मला तुळस आणि मनीप्लँट यांतला फरक कळत होता, एवढंच. रविवारी परतले ती थेट वनस्पतितज्ज्ञ होऊन! डोक्यावर गवती टोपी, हातात प्रमाणपत्र आणि सलवारीला चिकटलेली कुसळं. (त्या कुसळांचीही नावं मी रिक्षावाल्याला सांगितली. तो बिचारा हबीबगंजच्या सिग्नलला नको तिकडे वळला.) प्रमाणपत्राला चौकट करून मी ते बैठकीच्या भिंतीवर, अविनाशला कंपनीकडून मिळालेल्या मानचिन्हाच्या वर टांगलं. घरात वरचढ कोण, ते भिंतीवरूनही कळायला हवं!

अविनाश म्हणजे माझा नवरा. टाउनशिपच्या इस्टेट विभागात अधिकारी. गळकी छतं, तुंबलेली गटारं, बागा आणि हिरवळी या सगळ्यांचा कारभार त्याच्याकडे. आणि त्याचा कारभार त्याच्या आईकडे.

आई नागपूरच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे भोपाळला आल्या तेव्हा इथलं त्यांना काहीही पसंत नव्हतं. पोहे गोड, संत्री आंबट आणि सून पुण्याची. मग एके दिवशी क्वार्टरच्या मागचं दार उघडून त्यांनी पाहिलं, तर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत नुसतं रान माजलेलं! त्या दिवसापासून आईंचा जीव इथे रमला. रोज सकाळी ओच्यात काहीबाही खुडून आणायच्या आणि त्याची भाजी करून आम्हाला खाऊ घालायच्या. वनस्पतिशास्त्राची त्यांची पद्धत सोपी होती. जगातल्या सगळ्या झाडांचे तीन प्रकार : भाजीचं, देवाचं आणि बिनकामाचं.

आता त्याच रानावर संक्रांत आली होती. तिथे हिरवळ, कारंजं आणि सिमेंटचे दोन बगळे बसवायचे, असा प्रस्ताव अविनाशच्याच टेबलावर येऊन पडला होता.

"बगळे बसले की मी नागपूरले गेली म्हणून समज," आईंनी जाहीर केलं.

(इथे मी प्रामाणिकपणे सांगते, बगळे मला क्षणभर फार सुंदर वाटले.)

पण मी तज्ज्ञ होते! मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं : 'येत्या रविवारी देशी रानवनस्पतींची मार्गदर्शित फेरी.' आणि मोठ्या साहेबांच्या मॅडमना घरी जाऊन आमंत्रण दिलं. टाउनशिपमध्ये सह्या मोठे साहेब करतात, पण कशावर करायच्या ते मॅडम ठरवतात. मॅडमना रान आवडलं, की बगळे उडाले!

शनिवारी संध्याकाळी मी रंगीत तालमीसाठी रानात उतरले. आमच्या कार्यशाळेतल्या मार्गदर्शकाचा कानमंत्र होता : जी झाडं दाखवायची त्यांना आदल्या दिवशी खूण करून ठेवा, म्हणजे ऐनवेळी तारांबळ उडत नाही. खूण लांबून दिसायला हवी. घरात लाल काही शोधलं, तर जुन्या कपड्यांत एक विटका परकर सापडला. टराटरा फाडला. मग टाकळा, केना, आघाडा, पुनर्नवा, गुळवेल, शतावरी, भिंतीवर चढलेली करटुलीची वेल, एकेकीला चिंधी बांधत सुटले. काही मी ओळखलं म्हणून बांधली, काही 'दिसतंय तर देशीच' म्हणून बांधली. परदेशातून आलेल्या उपऱ्या तणांना मात्र ठरवून सोडलं. तत्त्व म्हणजे तत्त्व!

रात्री जेवताना टीव्हीवर आईंची मालिका चालू होती आणि अविनाशचं डोकं मोबाइलमध्ये होतं. तेव्हा आमच्यात पुढील संवाद झाला. (हा आम्ही मागाहून, भांडता भांडता, तुकडे जुळवून पूर्ण केला.)

मी म्हणाले, "अरे, मागच्या रानात दाखवायच्या झाडांना लाल चिंध्या बांधून आले मी."

अविनाश म्हणाला, "हं."

मग तो म्हणाला, "उद्या मॅडम येणार म्हणून पहाटे माणसं लावलीत. पण तुझ्यासाठी बजावून ठेवलंय, सरसकट साफ करायचं नाही. लाल चिंधी असेल तेवढंच काढायचं. बाकी एका पानाला हात लावायचा नाही."

मी म्हणाले, "हं."

आई म्हणाल्या, "माझा लाल परकर दिसून नाही राहिला."

आम्ही दोघंही म्हणालो, "हं."

संसार सुखाचा होतो तो असाच!

आता, टाउनशिपमध्ये राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की साहेबलोक जिथे जाणार तिथे आदल्या रात्री चुना पडतो आणि पहाटे कोयते चालतात. जे काढायचं त्याला इस्टेटवाले लाल चिंधी बांधतात. वर्षानुवर्षांची रीत आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त इस्टेट अधिकाऱ्याच्या बायकोला. कारण नवऱ्याच्या ऑफिसच्या गप्पा ऐकायच्या नसतात, त्यांना फक्त 'हं' म्हणायचं असतं, हा मला माहेरून मिळालेला संस्कार!

रविवारी सकाळी मंडळी जमली. साकेत नगरहून मंडळाचे कुलकर्णीकाका आले. त्यांच्या गळ्यात दुर्बीण. (झाडं काही उडून जाणार नव्हती, पण काकांना कोण सांगणार? आणि पुढे पाहिलं तर काकांचंच बरोबर होतं.) कोटऱ्याहून चार बायका केसांत वेण्या माळून आल्या. मॅडम पांढरे बूट आणि गॉगल लावून आल्या. मी गवती टोपी सारखी केली, नाटकातल्यासारखा हात उंचावला, म्हणाले, "या! आता आपण आपल्या मातीच्या लेकरांना भेटू या!" आणि मागचं फाटक उघडलं.

मातीची लेकरं नव्हती. माती होती!

जिथे जिथे मी चिंधी बांधली होती तिथे तिथे जमीन मुंजीतल्या बटूच्या डोक्यासारखी तुळतुळीत. भिंतीवर करटुली नाही, कडुनिंबावर गुळवेल नाही. आणि मधूनमधून, एका पानालाही धक्का न लागलेली, ऐटीत डुलणारी तणं : गाजर गवत, घाणेरी आणि बेशरम. मी वगळलेले उपरे तेवढे शिल्लक!

फाटकापाशी इस्टेटचे सुपरवायझर तिवारीजी छाती फुगवून उभे होते. "भाभीजी, अँधेरे से लगे हैं. एक भी लाल नहीं छोड़ा!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. (तीही तिवारीजींनी साफ केलेली होती.)

पण रंगभूमीवर पडदा उघडला की नटीनं मागे वळायचं नसतं. मी हसले. म्हणाले, "मॅडम, पहले हम विदेशी मेहमानों से मिलेंगे. अपने यहाँ मेहमान पहले, घरवाले बाद में." आणि त्यांना गाजर गवताकडे नेलं. गाजर गवतावर मी जे बोलले ते त्या गवताच्या आईनंही कधी त्याच्याबद्दल म्हटलं नसेल. त्याच्या फुलांचा शुभ्रपणा! त्याची जिद्द! साता समुद्रांपलीकडून आलेलं, कुणी पाणी न घालता वाढलेलं...

"आणि अंगाला खाज आणणारं," कुलकर्णीकाका दुर्बिणीतून पाहत म्हणाले. ते गवतापासून हातभर अंतरावर उभे होते.

मी घाणेरीकडे वळले. घाणेरी संपली. बेशरमपाशी आले. तीही संपली. मॅडमनी गॉगल काढला.

"ये सब तो हमारे गेट के बाहर भी है. देसी पौधे कहाँ हैं?"

"मॅडम," मी म्हणाले, "देसी पौधे जरा... संकोची होते हैं."

"इतने संकोची?"

नेमका तेव्हाच अविनाश आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मॅडमसाठी गुच्छ. "कशी चाललीय फेरी?" असं विचारता विचारता त्याची नजर जमिनीवर गेली आणि गुच्छ खाली आला.

"तिवारीजी, ये क्या किया? मैंने कहा था सिर्फ लाल चिंधी वाला!"

"साब, वही तो किया! हम बाँधने आए तो पूरा मैदान पहले से लाल था!"

अविनाशनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आदल्या रात्रीचे दोन्ही 'हं' आमच्यामध्ये येऊन उभे राहिले.

"अगं, तू तर..."

"अरे, तूच तर..."

"मुझे कोई बताएगा?" मॅडम म्हणाल्या.

कुणी काही सांगायच्या आत कोपऱ्यावरून गलका ऐकू आला. तिथे इस्टेटची कचऱ्याची ट्रॉली उभी होती आणि ट्रॉलीत, हिरव्या ढिगाऱ्यावर मांडी ठोकून, आमच्या आई! भोवती क्वार्टरांची अर्धी लाइन जमा झालेली. आई ढिगातून जुड्या उपसत होत्या आणि दरडावून वाटत होत्या. ड्रायव्हर चावी हातात घेऊन खाली उभा.

"अम्माजी, उतर जाओ, ट्रॉली खाली करनी है."

"तू खाली होऊन जा! माझं वावर कापून नेऊन राहिला आन मलाच उतर म्हनते!"

मी धावले. माझ्यामागे अविनाश, त्याच्यामागे मॅडम, त्यांच्यामागे वेण्या आणि दुर्बीण. आमची मार्गदर्शित फेरी शेवटी सुरू झाली होती, फक्त ती आता पळत होती.

"आई, उतरा ना! मॅडम आल्यात!"

"येऊ दे की. हे धर." आईंनी एक जुडी माझ्या अंगावर फेकली. "तरोटा हाये. भाजीचं." (म्हणजे माझा टाकळा.) दुसरी कुलकर्णीकाकांना. "आघाडा. देवाचं." मग त्यांनी तिसरी उचलली, तिच्या देठाला लोंबणारी चिंधी पाहिली आणि त्यांचा हात हवेत थांबला. चिंधी त्यांनी डोळ्यांशी नेली. तिच्यावरचं बारीक पांढरं फूल पाहिलं.

"हा माझा परकर हाये!"

आईंनी ढिगात हात घातला. आणखी एक चिंधी. आणखी एक. नाडीचा तुकडा!

"माझ्या परकराचे झेंडे करून कोनं टांगले?"

अख्ख्या लाइनीनं माझ्याकडे पाहिलं. तिवारीजींनीही पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं, की पहाटेपासून आपण ज्या खुणेचा मान राखत होतो ती इस्टेटची नव्हती, आईंच्या परकराची होती.

मी टोपी चेहऱ्यावर ओढली. आता बगळे येणार. आई नागपूरला जाणार. अविनाशच्या प्रमोशनच्या फायलीत परकर येणार!

तेवढ्यात हसू ऐकू आलं. मॅडम ट्रॉलीच्या फळीला धरून हसत होत्या. इतक्या, की डोळे पुसायला त्यांनी आईंच्या हातातली चिंधी घेतली. आणि मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या जुडीकडे गेलं.

"अरे! ये तो चकौड़ा है!" पांढरे बूट चाकावर ठेवून मॅडम ट्रॉलीत चढल्यासुद्धा. "हमारे गाँव में नानी बनाती थीं. लहसुन डालके. माँजी, आप कैसे बनाती हैं?"

"कांदा घालून. थोडी तुरीची डाळ." आईंनी सरकून जागा दिली. "तुमची नानी डाळ नव्हती घालत?"

"नहीं तो!"

"मंग कायची भाजी ते!"

मोठ्या साहेबांच्या मॅडमना त्यांच्या नानीवरून कोणी बोलू शकतं, हे टाउनशिपनं त्या दिवशी प्रथमच पाहिलं. अविनाश ट्रॉलीला टेकून उभा राहिला. त्याला आधाराची गरज होती.

दुपारी मॅडम आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाकरी आणि तरोट्याची भाजी जेवल्या. दोनदा वाढून घेतली. हात धुता धुता त्यांनी अविनाशला विचारलं, "ये सब फिर उगेगा न?"

"उगेगा मॅडम. मुळं... मतलब जड़ें तो हैं."

"तो वो फव्वारा कहीं और लगाइए. और बगुले भी."

बगळे ऑफिसर्स क्लबसमोर बसले. रान जागच्या जागी राहिलं, आणि पंधरवड्यात भिंतीवर करटुलीनं पुन्हा तोंड वर काढलं. आईंनी नागपूरचं नाव टाकलं. (झालं ते चांगलंच झालं, असं मी सगळ्यांना सांगते.) आता दरवर्षी आषाढात रानफेरी निघते. मार्गदर्शक आई. मॅडम पिशवी घेऊन पहिल्या रांगेत. मलाही येऊ देतात. अट एकच, अंगावर लाल काही नको.

माझं प्रमाणपत्र मात्र अजून भिंतीवर आहे. परवा सकाळी चहा घेत बैठकीत आले, पाहते तर त्याच्या चौकटीला एक चिंधी बांधलेली. लाल. वर बारीक पांढरं फूल.

"हे कोणी केलं?" मी कडाडले.

आई मालिका पाहत होत्या. अविनाशचं डोकं मोबाइलमध्ये होतं.

दोघंही एका सुरात म्हणाली, "हं."