आत्याने वाळू उकळली

आमची आत्या दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायची. नोकरी संपली, खोड गेली नाही. तिच्या घरी गेलं की आधी पाय धुवायचे, मग हात. मग ती अशी काही बघते की आपण मुकाट्याने पुन्हा धुवून येतो.

आतोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या बाजूबरोबर त्यांचे शब्दही गेले. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल, पण त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. एवढा बोलघेवडा माणूस, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. आत्याने त्या भिंतीलाच माशांची टाकी लावली. "आता बघू, कसे बघत नाहीत ते!"

मग तिने कंबर कसली. वाळू कुकरमध्ये शिट्ट्या देऊन उकळली. दगड उकळले. पाणवनस्पती उकळता येईनात, तर त्यांचं पान न् पान कापसाने पुसलं आणि चिमट्याने एकेक रोप वाळूत रोवलं. टाके घालावेत तशी सरळ ओळ! त्यात गप्पी मासे सोडले. आतोबांचे डोळे त्यांच्यामागे फिरायला लागले आणि आत्या हवेत तरंगू लागली.

आठवडाभरात मासे मेले. दुसरे आणले, तेही मेले. आतोबांनी तोंड फिरवलं आणि घासही घेईनात.

आत्या तणतणत दुकानात गेली, मी मागोमाग.

"काकू, फिल्टरचा स्पंज कशाने धुता?" दुकानदाराने विचारलं.

"धुते कुठे? उकळते!"

त्याने कपाळाला हात लावला. "अहो, माशांच्या घाणीचं विष होऊ न देणारे जंतू त्यातच राहतात. ते मेले की मासे मेले. आता टाकी नुसती चालू ठेवा. जंतू वाढू द्या, मग मासे सोडा. आणि स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा, बस्स."

दुकानातून ती तडक घरी आली. दारात म्हणाली, "मीच मारले गं." मग नाक पुसून, "जन्मभर जंतू मारले, आता पाळायची वेळ आली माझ्यावर!"

पण पाळले. कितीतरी आठवडे टाकीत मासा नव्हता. काचेवर हिरवं शेवाळ धरलं, जुनी पानं कुजली, नवी फुटली, सरळ ओळीचं रान झालं. आत्याचे हात शिवशिवायचे, तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. शेवटी नवे गप्पी आले आणि तगले. आतोबा बघायला लागले, जेवायला लागले. बोलत मात्र नव्हते.

एका दुपारी मी तिथेच बसले होते. आत्याचा धीर सुटला. "एवढा एक कोपरा तरी साफ करते," म्हणत तिने बाही वर सारली आणि दाट झाडोऱ्यात हात घातला. तोच आतोबांनी डाव्या हाताने तिचा दंड घट्ट धरला. ओठ हलले, थरथरले.

"पि... पिल्लू."

पानांच्या आड, तांदळाच्या कणीएवढं, नुसते दोन डोळे आणि शेपटी.

आत्याने हात अलगद बाहेर काढला. निथळत्या हातानेच, पुसायचं भान न ठेवता, ती त्यांच्या अंथरुणावर बसली. "कुठंय? मला नाही दिसत. काय म्हणालात?"

"पिल्लू."

"काय?"

"पिल्लू!" आतोबा वैतागले.

तिला ते केव्हाच दिसलं होतं. डोळ्यांना पदर लावून ती तरीही विचारतच राहिली.