अमोलदादाचा ओव्हरक्लॉक

माझ्या मेलेल्या भावाचा आवाज त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि तो कॉम्प्युटर चालू केला की थोड्या वेळात बंद पडत होता.

आज अमोलदादाला जाऊन वर्ष झालं.

दादा गेम खेळताना सगळं रेकॉर्ड करायचा. त्यात गेम कमी आणि त्याची बडबड जास्त. मित्रांना शिव्या, ते खो खो हसणं, मध्येच "आई, चहा टाक ना गं."

त्याचा मोबाईल दवाखान्याच्या धावपळीत हरवला. आता तो आवाज फक्त त्या रेकॉर्डिंगमध्येच उरला होता.

वर्षभर आईनं त्या कॉम्प्युटरच्या टेबलाला कुणाला हात लावू दिला नाही. परवा मात्र तीच म्हणाली, "वर्षश्राद्ध आलंय. त्याचं बोलणं काढून दे गं मला."

मी लगेच बसले. पेन ड्राइव्ह लावला, कॉपी सुरू केली.

बंद.

पुन्हा चालू केला.

पुन्हा बंद.

असा सारखा मध्येच बंद पडून आतली डिस्कच गेली तर?

दादाचा जिगरी दोस्त म्हणजे इम्रानभाई. त्याला फोन लावला.

"ओव्हरक्लॉक का लफडा होंगा," तो म्हणाला. "तेरे भाई ने प्रोसेसर कू हद से ज्यादा भगाया था. अनस्टेबल हो गया होंगा. नक्को घबरा."

ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीनं प्रोसेसरला ठरवून दिलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवायचं. दादाला त्याचा कोण अभिमान! गारखेड्यात आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो स्पीडचा आकडा ऐकावा लागायचा. पिशोरचे मामासुद्धा मेंढरांच्या गोष्टी बाजूला ठेवून मुकाट ऐकायचे. कळत काही नव्हतं, पण भाच्याचं कौतुक.

मग फोनवर आमचा उद्योग सुरू झाला. व्होल्टेज थोडं वाढव. टेस्ट लाव. बंद.

स्पीड एक पायरी खाली आण. बंद.

"टेंपरेचर देख."

बघितलं, तर आकडा भराभर वर चढत होता. "प्रोसेसर कू ठंडा रखने की पेस्ट सूख गई होंगी," इम्रानभाई म्हणाला. पण त्याचा आवाज आता पहिल्यासारखा निर्धास्त नव्हता. "एक काम कर. सब डिफॉल्ट पे डाल, कंपनी ने दिया वैसा."

माझा हात पुढं जाईना. दादानं रात्रंदिवस खपून लावलेलं ते सेटिंग. त्याच्या हातचं शेवटचं काहीतरी. मी प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढला, मग एंटर दाबलं.

डिफॉल्टवरही बंद पडला.

म्हणजे दादाचं चुकलं नव्हतं! क्षणभर इतकं बरं वाटलं. मग बिघडलंय तरी काय?

आज दुपारी पंगत उठल्यावर इम्रानभाई आला. खोलीच्या दारातच थबकला. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटकडं बघत राहिला आणि मला खुणेनं गॅलरीत बोलावलं.

"उसके ऊपर क्या रखे, देखी क्या तू?"

कॅबिनेटवर दादाचा फोटो. त्याला चंदनाचा हार. फोटोखाली घडी घातलेला जाड टॉवेल. दुखवट्याला मामांनी दादाच्या नावानं आणलेला. आईनं त्याचंच आसन केलं होतं. रोज उदबत्ती तिथंच लावायची.

आणि त्या कॅबिनेटची गरम हवा वरच्या जाळीतूनच बाहेर पडते. टॉवेलनं सगळी जाळी झाकली होती. मी रोज तिथं हात जोडते, माझ्या डोक्यात आलं नाही.

"तूच बोल आई कू," इम्रानभाई म्हणाला. "मेरे से नहीं होता."

माझ्यानं तरी कसं होणार?

ज्या दिवशी दादाच्या छातीत दुखलं, त्या दिवशी आईला वाटलं गॅस झालाय. तिनं ओवा दिला, पाठ चोळली, म्हणाली, "पड जरा." डॉक्टर नंतर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी वाचला असता, असं सांगता येत नाही. आईला ते कधी पटलं नाही. वर्षभर तिचं एकच: "मला कळलं नाय."

तिला आता मी काय सांगू? की त्याचा कॉम्प्युटरही तुझ्याच टॉवेलानं गुदमरतोय?

मी खोटं बोलायचं ठरवलं. फोटो भिंतीवर जास्त चांगला दिसेल, असं काहीतरी.

"काय कुजबूज चाललीय दोघांची?" आई मागंच उभी होती. "खरं सांगा."

सांगितलं.

ती आत गेली, फोटो उचलून छातीशी धरला, टॉवेल ओढून काढला. इम्रानभाई यायच्या आधी मी चालू केलेला कॉम्प्युटर तेवढ्यातच पुन्हा बंद पडला होता. तिनं जाळीवर तळवा ठेवला.

"केवढं तापलंय गं."

आणि मग ज्याची भीती होती तेच. "म्हंजे याचा बी दम म्याच कोंडला."

इम्रानभाई तिच्यासमोर खाली फरशीवरच बसला. "नहीं आई. कुछ नहीं जला. ज्यादा गरम हुआ तो मशीन खुद बंद पड़ता. खुद कू बचा लेता."

आईनं जाळीवरचा तळवा काढला नाही.

"याला कळतं व्हय थांबायचं?" ती म्हणाली. "अन् माझ्या लेकराला नाय कळलं. सकाळपासनं दुखत व्हतं त्याला. डॉक्टरला सांगितलं, मला नाय सांगितलं. काहून नाय सांगितलं रं?"

वर्षभरात पहिल्यांदा ती दादावर चिडली. फोटोला धरून चिडली, आणि मग मोकळी रडली. मीही रडले. पण मला खूप हलकं वाटलं.

फोटो आता भिंतीवर आहे. कॉपी एकदाही न अडकता पूर्ण झाली.

निघताना इम्रानभाईनं विचारलं, "अमोल का ओव्हरक्लॉक वापस डालूँ क्या? फोटो हैं ना सेटिंग के."

मी हो म्हणणारच होते.

"नगं बाबा," आई म्हणाली. "पळायला नगं. नुसता चालू ऱ्हायला तरी लई झालं."

दादा, तुझा स्पीड आम्ही कमी केलाय. चिडू नकोस.

आईनं सांगितलंय.

तुला मनापासून नमस्कार.

तुझी छोटी