माझ्याच लग्नाला माझी हरकत

त्या रविवारी शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये मी स्वतःच्याच लग्नाला हरकत घेतली... साठ सालच्या आसपासची गोष्ट. आज हसू येतं, तेव्हा मात्र सगळं चर्च वळून बघत होतं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर सांगा, असं पाळकसाहेब विचारतात. एरवी सगळे लगेच पुढच्या गीताचं पान शोधायला लागतात.

माझं ठरलं होतं दौंडच्या यशवंतशी. रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकायचं काम. त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती... मला टीबी होऊन गेला होता. औषधांनी बरी झाले होते, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, परत उलटू शकतो, दरवर्षी छातीचा फोटो काढा आणि घरच्यांना सांगून ठेवा.

आई म्हणाली, "एक अक्षर बोलू नगंस. धाकटीचं बी लगीन व्हायचंय." तिला तरी काय दोष देऊ? टीबीचं नाव निघालं की लोक कपबशीसुद्धा वेगळी ठेवायचे.

यशवंत घरी आला तेव्हा आम्हाला अंगणात बोलायला सोडलं. मी विचारलं काय, तर इंजिनाला कोळसा किती लागतो! आणि त्याच आठवड्यात एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मात्र सगळं सांगून मोकळी झाले. तिचा चेहरा पडला असता तरी माझं काय जाणार होतं? याचा पडलेला मला बघवला नसता... तो आवडायला लागला होता, हीच तर पंचाईत.

तिसऱ्या रविवारी तो आईला घेऊन दौंडहून आला. त्याला बघितलं आणि वाटलं, ह्या माणसाला फसवून त्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. काय व्हायचं ते आजच होऊ दे.

पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी उभी राहिले. "माझी हरकत आहे."

"कुणाबद्दल?" ते चक्रावलेच.

"नवरीबद्दल."

मग एका दमात सगळं सांगितलं. आईनं तोंडाला पदर लावला, होणाऱ्या सासूबाई माझ्याकडे बघेचनात. मोडलं तर मोडलं... पण मी खाली बसले नाही.

यशवंत उठला. "म्होरचा फोटो कवा हाय?"

"नाताळानंतर."

"मंग मी रजा टाकतो. संगट जाऊ."

सासूबाईंना वेळ लागला. माझी कपबशी बरेच महिने वेगळी होती, आणि हा बाबा हट्टानं त्याच कपातून चहा प्यायचा. फोटोच्या दिवशी तो दरवर्षी बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा. आता तो नाही... बाक आठवतो.

हे सगळं आज का? परवा नात म्हणाली, "आजी, गाठ लागतेय. नेटवरच्या ग्रुपवर विचारलंय. पण आईला आणि नवऱ्याला सांगू नकोस, टेन्शन घेतील." मला एसटीतली ती बाईच आठवली. मी म्हटलं, "आज दोघांना सांग. नाहीतर रविवारी चर्चमध्ये मी उभी राहीन!"

तिनं सांगितलं. हे लिहायलाही तिनंच परवानगी दिली. सोमवारी तपासणी आहे... आणि नातजावयानं रजा टाकलीय.