लाल काचेवरची अक्षरं

झाईच्या पेंटरकाकांचं नाव मी खराब केलं. अपघातानंतर लोक म्हणाले की म्हाताऱ्याने अक्षरं उलटी काढली, आणि खरं ठाऊक असलेला मी एकटा गप्प बसलो. हाताच्या अक्षरावर पोट आणि पोटाहून मोठा ताठा, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तेव्हा मी काय मोडलं ते वेगळं सांगायला नको.

एसटीने झाईहून डहाणूला येताना काका खिडकीपाशी बसत, ते पाट्या रंगवणाऱ्यांना शिव्या द्यायला. कुठली पाटी कोणाच्या हातची ते त्यांना लांबूनच कळे. "हा हाताने नाय लिवत, पायाने लिवतो," हा त्यांचा नेहमीचा शेरा. एक कंडक्टर मुद्दाम विचारायचा, काका, आमच्या बसवरचं अक्षर कसं आहे? काका म्हणायचे, "बस थांबव, उतरून चालत जातो."

झाईच्या बहुतेक होड्यांवरची नावं त्यांनीच काढलेली होती. त्यांची एक रीत होती. नावाचं शेवटचं अक्षर ते सोडून देत. होडी पाण्यात घालायची, एक भरती तिच्यावरून जाऊ द्यायची, आत पाणी आलं नाही हे स्वतः पाहायचं, मगच ते अक्षर भरायचं. "पुरं नाव म्हणजे माझी साक्ष," असं ते म्हणत. होडीचा एखादा तांडेल घाई करू लागला तर ब्रश पुसून सरळ घरी जात.

माझं डहाणूला जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं गॅरेज आहे. २०१५ साली एका चिकूवाडीच्या शेठांनी वडिलांची काळी गाडी माझ्याकडे आणली. वाडीतल्या शेडमध्ये ती कैक वर्षं पडून होती. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या आणि डॅशबोर्डवरची अक्षरं झिजून गेली होती. शेठांना सगळं मूळ होतं तसंच हवं होतं, तेही मुलीच्या लग्नाआधी. स्टिकर नको म्हणाले. म्हणून मी काकांना बोलावलं.

गाडी पाहून काका खूश झाले नाहीत. डॅशबोर्डवर हात फिरवून म्हणाले, "हिचं तोंड पुसलंय. पुसलेल्या तोंडाला काय बोलवशील ते बोलेल." मी हसलो होतो.

काका मनाने एकही रेघ काढत नसत. आधी जुनं अक्षर शोधायचं. पत्र्यावर टाल्कम पावडर चोळून ते हळूच फुंकर घालत, की बुजलेल्या खाचेत पांढरी रेघ उरायची. गॅरेजातल्या पोरांनी एका कोपऱ्यावर आधीच पॉलिश पेपर मारला होता. त्यावरून काकांनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. दिव्यांच्या दोन छोट्या काचा त्यांनी रॉकेलने पुसल्या आणि उन्हात तिरक्या धरल्या. लाल काचेवर आय, जी, एन यांची सावली दिसली, म्हणजे बॅटरी चार्ज होत नसली की लागणारा दिवा. हिरव्या काचेवर ओ, आय, एल, म्हणजे इंजिनातल्या तेलाचा; तो लागला की गाडी तिथेच बंद करायची. खारीच्या केसांच्या ब्रशने त्यांनी ती साईच्या रंगात पुन्हा उभी केली. पण दोन्ही काचांवर शेवटचं अक्षर सोडलं.

"दिवे लावून दाखव," ते म्हणाले.

मी चावी फिरवली, दोन्ही दिवे लागले. इंजिन सुरू केलं, दोन्ही विझले. काकांचं समाधान झालं नाही. कुठला कशाचा ते एकेक लावून दाखव, म्हणाले. त्यासाठी इंजिनाकडची एक वायर काढून पाहायला हवी होती. नव्या वायरी मीच ओढल्या होत्या, सगळ्या एकाच काळ्या रंगाच्या, कारण त्या दिवशी दुकानात तेवढाच रंग होता. लग्न तोंडावर आलं होतं.

"बघितलंय मी, काका," मी म्हणालो. बघितलं नव्हतं.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शब्दावर ती दोन अक्षरं भरली.

लग्न थाटात झालं. पावसाळ्यानंतर एका दुपारी शेठ एकटेच तलासरीकडे निघाले होते. हायवेवरून त्यांचा फोन आला, लाल दिवा लागलाय, आय-जी-एन लिहिलेला. मी म्हणालो, चार्जिंग गेलं असेल, बॅटरीवर पोचाल, या तसेच. पुढे काही अंतरावर इंजिन जाम होऊन गाडी जागीच अडली आणि मागून टँकर आदळला. शेठ वाचले, पण त्यांचा एक पाय कायमचा अधू झाला.

गाडी ओढून गॅरेजात आणली. तेलाची नळी फुटली होती आणि इंजिनात थेंबभर तेल नव्हतं. मी डॅशबोर्डमागे टॉर्च धरला. दोन वायरी मी उलट जोडल्या होत्या. तेलाची वायर लाल दिव्याला गेली होती.

तेवढ्यात भोवती जमलेल्यांपैकी कोणी तरी म्हणालं, पेंटरने दोन काचांवरच्या अक्षरांची अदलाबदल केली असणार, म्हाताऱ्याला दिसत नसेल. माझा हात अजून त्या वायरींवर होता.

"वय झालंय त्यांचं," मी म्हणालो.

एवढंच बोललो, आणि ते माझ्याआधी झाईला पोचलं. समुद्रावर जाणारी माणसं अशा गोष्टी हसण्यावारी नेत नाहीत. काकांच्या हाताला अपघात लागलाय, असं बोललं जाऊ लागलं. पुढच्या हंगामात कोणी त्यांना होडीच्या नाळेला, म्हणजे नाव लिहायच्या पुढच्या टोकाला, हात लावू दिला नाही.

काका एकदा गॅरेजात आले होते. माझं अक्षर कुठं चुकलं तेवढं दाखव, म्हणाले. गाडी मागच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी होती. मी म्हणालो, भंगारात गेली. चहा न घेता ते स्टँडकडे चालत गेले.

त्यावर दोन पावसाळे गेले. गाडीवरची ताडपत्री मी कधी काढली नाही आणि गाडी भंगारातही घातली नाही; शेठांनीही ती परत मागितली नाही. रस्त्यात शेठ काठी टेकत समोर आले की मी दुकानात शिरायचो. २०१८च्या पावसाळ्यात मात्र थेट त्यांच्या ओट्यावर गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "माझा पाय तू बोललास म्हणून परत येणार नाय. झाईला जा."

मी झाईला गेलो तेव्हा नारळी पौर्णिमा जवळ आली होती. होड्या ओढून ठेवल्या होत्या, नावं स्टिकरची होती. काका एका फळीवर बसले होते. डोळ्यांत आता खरोखरच मोतीबिंदू आला होता. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी वायरींचं सांगितलं, ताडपत्रीखाली लपवलेल्या गाडीचंही सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"पावडर मारून काढलेलं अक्षर चुकत नाय, हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण मी तुझ्या शब्दावर पुरं केलं. मला कशाला सांगतोस? त्यांना सांग."

जाळी विणणारी माणसं थोड्या अंतरावर बसली होती. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. कोणी वर पाहीना, तेव्हा आवाज चढवून बोललो.

"काकांची अक्षरं बरोबर होती. वायरी मी उलट्या जोडल्या. त्यांनी दिवे तपासायला सांगितलं, मी तपासले म्हणून खोटं बोललो. नंतर तुम्ही त्यांना दोष दिलात तो माझा होता, आणि मी तो त्यांच्यावर राहू दिला. काका, तुमच्या हाताला काही लागलेलं नव्हतं. मी चुकलो. मला माफ करा."